दौलत की बंबा

मला नुसतं नाव सांगा, बाई न पाहता मी तिचं वय सांगतो. ही फुशारकी नाही. म्हणजे थोडी आहेच, पण माझा धंदाच तसा आहे. इजिप्तमधल्या तांता शहरात मोठ्या मशिदीच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे, लग्नाच्या पत्रिकांचं आणि बारशाच्या डब्यांचं. मूल सात दिवसांचं झालं की आमच्याकडे ‘सुबू’ करतात. आलेल्या प्रत्येकाच्या हातात भाजलेले चणे आणि रेवड्या भरलेला छोटासा डबा ठेवतात आणि डब्यावर बाळाचं नाव असतं. ते नाव मी बोरूने लिहितो आणि मग छापतो. नव्या नावांचे डबे, जुन्या नावांच्या पत्रिका, मयताच्या चिठ्ठ्या, सगळं माझ्या हाताखालून जातं.

त्यामुळे नावांचा माझा अभ्यास दांडगा. तफीदा म्हटलं की बाई सत्तरीच्या पुढची, गुडघे गेलेले, पण भाजीवाल्याशी घासाघीस करायला चार मजले उतरून जाणार. एतिमाद या नावाचा अर्थ भरवसा, पण मला भेटलेल्या एकाही एतिमादने नेलेलं पातेलं परत आणून दिलेलं नाही. इन्साफ नावाच्या बाया एकतर मुख्याध्यापिका होतात नाहीतर सासवा होतात. फरक एवढाच की शाळेला सुट्टी असते.

आमच्या आयांच्या आणि आज्यांच्या पिढीतली ही नावं आता कोणी ठेवत नाही आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यातल्या एका नावावर तर माझा जीवच जडला होता. दौलत. किती भारदस्त नाव! आणि लिहायला बसलं की त्याची खरी गंमत कळते. आमच्या अरबी लिपीत पहिली दोन अक्षरं कोणाला चिकटत नाहीत, बागेतल्या बाकावर रुसून बसल्यासारखी वेगवेगळी बसतात. पुढची दोन मात्र एकमेकांचा हात धरून. आणि शेवटच्या अक्षराच्या पसरट ताटलीत दोन ऑलिव्ह ठेवावेत तसे दोन ठिपके. वर्षानुवर्षं मी मनात ठरवून ठेवलं होतं, मुलगी झाली तर दौलत.

आता नावडतं नाव. तेही मी तेवढ्याच ठामपणे सांगू शकतो. बंबा. याचा अर्थ तसा गोड आहे, गुलाबी. जुन्या बायका अजून गुलाबी रंगाला बंबाच म्हणतात. पण अर्थाला कोण विचारतो? नुसती हाक मारून बघा. बंबा! कुठेतरी आग लागली आहे आणि घंटा वाजवत लाल गाडी येते आहे असंच वाटणार. या नावाची आता एकच बाई मला ठाऊक होती आणि नेमकी ती माझ्या आईची थोरली बहीण होती.

माझी बायको रबाब रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. समोरच्या माणसात काय कमी आहे आणि काय जास्त आहे हे तिला चटकन कळतं, त्यामुळे मी घरी जरा जपूनच वागतो. तिला दिवस गेले, मुलगी असल्याचं कळलं आणि त्याच संध्याकाळी घरात तीन पक्ष झाले. रबाबला लारीन हवं होतं. मी अर्थ विचारला. ती म्हणाली, अर्थ कशाला हवा, ऐकायला छान आहे. मी म्हटलं, साबणाच्या वडीचं नाव वाटतं. ती म्हणाली, दौलत हे तिजोरीचं नाव वाटतं. इथवर भांडण बरोबरीत चाललं होतं.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरून माझी आई आली. आईचं नाव इन्शिराह, म्हणजे छातीवरचं ओझं उतरणं. माझ्या छातीवरची बरीचशी ओझी तिनेच ठेवलेली आहेत. ती म्हणाली, वाद नको, नाव ठरलेलं आहे. बंबा मावशीशी फोनवर बोलणं झालंय. आईची आई लवकर गेली, तेव्हा याच मावशीने तिला वाढवलं, स्वतःच्या ताटातला घास तिला भरवला. ती आता गावी एकटी राहते, ऐकायला कमी येतं, पण फोनवर तिने स्पष्ट सांगितलं होतं म्हणे, “इंशी, मुलगी झाली तर बंबाच हं. विसरू नकोस.”

“म्हाताऱ्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलंय,” आई डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्याला लावून म्हणाली. “मी हो म्हणून बसले आहे.”

रबाबने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. पुढचे काही महिने आमचं घर म्हणजे निवडणुकीचं गाव झालं होतं. आई शेजारणींना फितवत होती, रबाब लॅबमधल्या मैत्रिणींना, आणि मी दुकानात बसून गिऱ्हाइकांना दौलतची अक्षरं काढून दाखवत होतो.

मुलगी झाली. गोरीपान, टक्कल असलेली आणि रागीट, थोडक्यात माझ्या वडिलांसारखी. नाव मात्र ठरेना. शेवटी आईनेच तोड काढली. आमच्याकडची जुनी रीत आहे. जितकी नावं तितक्या मेणबत्त्या पेटवायच्या. जी सगळ्यांत जास्त वेळ जळेल ते नाव बाळाचं, मग कोणी काही बोलायचं नाही.

मी इतक्या उत्साहाने हो म्हटलं की रबाबने माझं कपाळ तापलंय का ते पाहिलं.

कारण साधं होतं. मेणबत्त्या मीच आणणार होतो. ओळखीच्या मेणबत्तीवाल्याकडून मी दोन हलक्या घेतल्या, ज्या गवतासारख्या भरभर जळतात, आणि एक अस्सल मेणाची, घट्ट वळलेली. बाहेरून तिघी बहिणी वाटाव्यात. बंबाला गुलाबी फीत, लारीनला हिरवी, दौलतला पिवळी. पिवळी फीत कोणत्या मेणबत्तीला बांधली हे सांगायला नको. तिन्ही एका थाळीत धान्यात रोवून मी आईच्या दिवाणखान्यातल्या कपाटावर ठेवल्या आणि शीळ घालत दुकानात गेलो. निकालाची इतकी खात्री होती की सुबूचे डबेही छापून टाकले. दौलत, दौलत, दौलत. आयुष्यात इतकं सुंदर काम मी केलं नव्हतं. डब्यांचा ढीग मी आमच्या पलंगाखाली सरकवून दिला.

आता पलंगाखाली बायको कधी बघते? सुबूच्या दिवशी सकाळी. बाळाचा एक मोजा सापडत नव्हता.

मी दाढी करत होतो. आरशात माझ्या मागे रबाब दिसली. तिच्या हातात डबा होता.

“कोण ही?”

मी म्हटलं, कोण कोण? ती म्हणाली, जिच्या नावाचे डबे नवरा पलंगाखाली लपवतो ती. मी हसून सांगितलं की कोणी नाही, मला फक्त नाव आवडतं. तिने विचारलं, का आवडतं? मग मी तिला अक्षरांचं सगळं समजावून सांगितलं, बाकावरची दोघं, हात धरलेली दोघं, ताटलीतले ऑलिव्ह. तोंडाला साबणाचा फेस असताना माणसाने असलं काही समजावू नये.

रबाब शांतपणे म्हणाली, “नवरे बायकांपायी खुळावतात हे ऐकलंय. अक्षरांपायी खुळावलेला मी अजून पाहिला नाही. वगदी, मी अडाणी नाही. मला खरं सांग, नाहीतर पाहुणे गेले की मी मुलीला घेऊन महल्ला शहरात आईकडे जाते.”

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती डबा नळीतल्या रक्तासारखा उजेडाकडे धरून बघत होती. मी घाबरलो. आणि घाबरलेला माणूस खरं सांगून फसला की खोट्याकडे धावतो. मी म्हटलं, बरं, सांगतो. दौलत ही माझ्या वडिलांची बहीण. लहानपणीच वारली. वडील तिची आठवण काढून हळवे व्हायचे. म्हणून मनात होतं.

रबाबचा चेहरा एकदम वितळला. म्हणाली, अरे वेड्या, मग हे आधी नाही का सांगायचं? तिने माझ्या साबण लागलेल्या गालावर हात ठेवला. मला वाटलं सुटलो. मी उरलेली दाढी गुणगुणत केली.

ती तशीच खाली गेली आणि आईला म्हणाली, “आई, तुमच्या दौलत नणंदेचं मला माहीतच नव्हतं हो. बिचारी.”

माझ्या वडिलांना बहीण नव्हती. पाच भाऊ होते, सगळे मिशीवाले. आईने हे रबाबला सांगितलं नाही. ती फक्त म्हणाली, अच्छा, दौलत. रबाब वर आल्यावर ती दिवाणखान्यात गेली, भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोसमोर उभी राहिली, आणि मग तिने फोटो फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला. वडील जाऊन आठ वर्षं झाली होती. जिवंतपणी कापडगिरणीत फोरमन होते, घर ते गिरणी आणि गिरणी ते घर. त्या बिचाऱ्यांनी फार तर शेजारच्या म्हशीकडे वळून पाहिलं असेल, तेही दुधाच्या हिशेबाने.

मी खुर्च्या लावायला खाली गेलो तेव्हा फोटोची पाठ दिसली. विचारलं, हे काय? आई म्हणाली, काही नाही, तुझ्या वडिलांना आज पाहुण्यांना तोंड दाखवायची लाज वाटते आहे. आणि मग अगदी गोड आवाजात, “काय रे वगदी, तू तिला भेटलायस का कधी? दौलतला?”

माझ्या हातातली खुर्ची पायावर पडली. मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात दारात बंबा मावशी उभी राहिली. काळ्या झग्यात, काठी टेकत, काखेत गाठोडं आणि मागे रिक्षावाल्याच्या हातात कोंबड्यांची टोपली. आई धावत जाऊन तिच्या गळ्यात पडली आणि ओक्साबोक्शी रडली. मावशीला वाटलं, आनंदाने रडते आहे. तिने आईची पाठ थोपटली. म्हणाली, रड, रड, मुलगी झाली की बरं असतं.

दुपारनंतर बायका जमल्या. दिवाणखान्यात मुंगी शिरायला जागा उरली नाही. तूप घातलेलं मुगात, म्हणजे बाळंतिणीचं गरम पेय, कपांतून फिरत होतं, पोरं चणे उडवत होती. बाळाला मोठ्या चाळणीत ठेवून जमिनीवर निजवलं. शेजारची बाई पितळी खलबत्ता घेऊन बाळाच्या कानाशी बसली. ठण ठण वाजवायचं आणि बाळाला आयुष्यभराचा उपदेश करायचा, अशी रीत. आईने तिच्या हातातून खलबत्ता ओढून घेतला. “आईचं ऐक,” ठण. “आजीचं ऐक,” ठण. “बापाचं ऐकू नको,” ठण. “बापाच्या बापाचं तर मुळीच ऐकू नको,” ठण ठण ठण. बायका हसल्या. भिंतीकडे तोंड केलेले वडील आणि मी, आम्ही दोघे गप्प राहिलो.

मेणबत्त्या पेटल्या. मी हाताची घडी घालून निवांत उभा राहिलो, शर्यतीत आपलाच घोडा आहे हे माहीत असलेल्या माणसासारखा.

पण पिवळ्या फितीची मेणबत्ती बघता बघता खाली बसायला लागली. हिरवीही तशीच. आणि गुलाबी मात्र ताठ, जणू आत्ताच सैन्यात भरती झाली आहे. मी डोळे चोळले. मग आईकडे पाहिलं. आई माझ्याकडेच पाहत होती. जिने पन्नास वर्षं वीज गेल्यावर मेणबत्त्या लावल्या आहेत तिला हातात धरल्यावर अस्सल मेण कळणार नाही, असं मी कसं समजलो कोण जाणे. फिती तिने केव्हाच बदलल्या होत्या. आणि त्यात आता वडिलांच्या त्या ‘दौलत’चा राग.

मला काहीतरी करायला हवं होतं. गुलाबी मेणबत्ती थाळीच्या कडेला होती, टेबलपंख्याच्या बाजूला. मी सहज गेल्यासारखा पंख्यापाशी गेलो, फार उकडतंय असं कोणालातरी म्हणालो आणि पंखा लावला. बटण जरा जास्तच दाबलं गेलं. नेमक्या त्याच क्षणी आईने परातीतलं मीठ दोन्ही मुठींत घेऊन, दृष्ट लागू नये म्हणून, सगळ्यांवर उधळलं.

एरवी ते मीठ डोक्यावर पडतं. त्या दिवशी ते सरळ डोळ्यांत गेलं. एका झटक्यात पंधरा-वीस बायका ओरडल्या. कोणाचं मुगात कोणाच्या मांडीवर सांडलं. कोंबड्यांची टोपली कलंडली आणि एक कोंबडी खलबत्त्यात जाऊन बसली. बाळ तेवढं शांत होतं, चाळणीत पडून हा गोंधळ रस घेऊन बघत होतं. मी चाचपडत पंखा बंद केला. पिवळी मेणबत्ती विझली होती. हिरवी विझली होती. गुलाबी जळत होती.

“बंबा!” आई ओरडली. डोळ्यांतून पाणी वाहत असलेल्या सगळ्या बायकांनी जिभा हलवून किलकारी केली, आणि ते दृश्य पाहून कोणालाही वाटलं असतं की या नावासाठी अख्खं तांता रडतंय. रबाब कोपऱ्यात बसली होती, तिच्या डोळ्यांत मीठ गेलं नव्हतं, तरी ती रडत होती. तिच्याकडे बघून मला पहिल्यांदा जाणवलं की हा खेळ नाही. ही पोरगी शाळेत जाईल, तिचं लग्न होईल, म्हातारी होईल, आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी तिचं नाव विचारील.

बंबा मावशी सोफ्यावर डोळे चोळत बसली होती. आईने तिच्या पायाशी बसून तिचे हात धरले.

“बघा, ताईलाही भरून आलंय.”

“मीठ गेलंय डोळ्यात, इंशी. पाणी आण.” पाणी आणलं, तिने डोळे धुतले, नाक शिंकरलं आणि विचारलं, “मग नाव काय ठरलं?”

“तुझंच, ताई. बंबा.”

“कोणाचं?”

“तुझं,” आई तिच्या कानाशी जाऊन मोठ्याने म्हणाली. “पोरीचं नाव बंबा.”

मावशीने चाळणीतल्या बाळाकडे पाहिलं, मग आईकडे. “का? या लेकराने तुझं काय वाकडं केलंय?”

मावशीचा आवाज ऐकू न येणाऱ्या माणसांचा असतो तसा खणखणीत, त्यामुळे पुढचं बहुधा रस्त्यावरही ऐकू गेलं. ती म्हणाली, या नावापायी पाणवठ्यावर पोरं माझ्यामागे घागर वाजवत यायची. लग्नात काझीने नाव विचारलं, मी सांगितलं, तर तो इतका हसला की शाई सांडली. आणि नवरा. नवरा चांगला होता. पण जन्मभर त्याने मला ‘अगं’ म्हणूनच हाक मारली. “मला वाटायचं, लाजतो बिचारा. मरायच्या आधी म्हणाला, माफ कर, नाव घेतलं की हसू यायचं, म्हणून घेतलं नाही.”

कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

आई पार गोंधळली. “पण ताई, फोनवर तूच म्हणालीस ना, मुलगी झाली तर बंबाच, विसरू नकोस?”

“हे म्हणत होते मी!” मावशीने गाठोडं सोडलं. आत लोकरीचं दुपटं होतं, हाताने विणलेलं, गुलाबी. इतकं गुलाबी की खोलीत उजेड पडला. “मुलगा झाला तर निळं, मुलगी झाली तर बंबा, गुलाबी. तेच म्हटलं. वेगळ्या रंगाचं काही आणून ठेवू नका म्हटलं. मीच मेली माझं नाव कशाला मागेन?”

आईने कपाळाला हात लावला. मग तिच्या लक्षात आलं की एक हिशेब अजून राहिला आहे. ती माझ्याकडे वळली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “बरं, मग आता दौलत कोण ते सांग. तुझ्या बापाची कोण ती?”

रबाब ताडकन उठली. “बापाची? सकाळी तर आत्या होती.”

“कुठली आत्या? त्यांना बहीण नव्हती.”

आता दोन्ही बाजूंनी दोघी, मधे मी आणि खलबत्त्यात कोंबडी. मी वर जाऊन डबे आणले, टेबलावर ओतले आणि सगळं खरं सांगितलं. वडिलांचा काही संबंध नाही, माझाही नाही, दौलत नावाच्या कुठल्याही बाईशी मी जन्मात बोललेलो नाही. मला फक्त ही अक्षरं आवडतात. सांगता सांगता माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. बायका एकमेकींकडे बघत होत्या. रबाबचा चेहरा दगडासारखा.

बंबा मावशीने हात पुढे केला आणि एक डबा मागितला. तिला वाचता येत नाही. तिने तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, बोट फिरवलं.

“ही दोघं भांडलेली दिसतात,” ती म्हणाली. “आणि ही दोघं नवरा-बायको. आणि हे काय ठिपके, चणे का?”

“ऑलिव्ह,” मी म्हटलं.

“छान आहे. खरंच छान आहे.” तिने डबा रबाबला दिला. “पोरी, तुझा नवरा खुळा आहे. पण बाईपायी खुळा नाही. बाईपायी खुळ्या झालेल्या पुरुषाला असलं काही दिसत नाही.”

रबाबने डब्याकडे पाहिलं. मग तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. तो हलला की आमच्या घरात युद्ध संपतं. आई काही न बोलता उठली, खुर्चीवर चढली आणि वडिलांचा फोटो सरळ केला. रुमालाच्या टोकाने काच पुसताना हळूच काहीतरी पुटपुटली. फोटोची माफी मागणारी बायको मी त्या दिवशी पाहिली.

नावाचं मावशीनेच मिटवलं. मेणबत्त्या बाजूला ठेवा म्हणाली, जिने नऊ महिने पोटात वागवलं तिला विचारा. रबाबने लाजत सांगितलं, लारीन. मावशीने तीनदा म्हणून पाहिलं. नारीन. लानीर. राणील. मग मान डोलवली. “चालेल. कोणी हसणार नाही. कारण काय म्हटलं ते कोणाला कळणारच नाही.”

डबे वाया घालवायचे नव्हते, म्हणून पाहुण्यांना तेच दिले. परिणामी अर्धी गल्ली पुढे वर्षभर मला दौलत कशी आहे असं विचारत होती, आणि रबाब शेजारी उभी असली की मी फार काळजीपूर्वक ‘लारीन बरी आहे’ असं उत्तर द्यायचो.

लारीन आता बालवाडीत जाते. पहिल्या आठवड्यात मी तिला आणायला गेलो. फाटकापाशी आयाबापांची गर्दी. बाई आतून एकेकाला हाक मारत होत्या. लारीन, अशी हाक मारली की आतून पोरींची झुंडच धावत बाहेर यायची. त्या वर्षी तांतात ज्याला त्याला हेच नाव छान वाटलं होतं. शेवटी बाईंनी उपाय काढला होता, लारीन सोडायचं आणि नुसत्या बापाच्या नावाने हाक मारायची.

“वगदी!” बाई ओरडल्या. “वगदीचे बाबा आलेत का?”

मी मागे वळून पाहिलं. आपले वडील कुठे उभे आहेत ते शोधलं. माझ्या लहानपणी शाळेच्या फाटकात ही हाक ऐकली की ते टोपी सारखी करत पुढे यायचे, हे इतकं अंगात मुरलेलं होतं. मागे एक आइस्क्रीमवाला होता. मग मला कळलं की ते मीच, आणि मी हात वर केला.

मुलगी आली, दप्तर माझ्याकडे फेकलं आणि चालायला लागली. जरा पुढे गेल्यावर म्हणाली, “बाबा, मला दुसरं नाव पाहिजे. वगदी हे म्हाताऱ्या माणसाचं नाव आहे. सगळे हसतात.”

मी म्हटलं, “हळू बोल गं, वगदीला वाईट वाटेल.”

तिने थांबून माझ्याकडे पाहिलं. “कोणत्या?”